माणसे, तास आणि भाव : इन्फोसिसच्या समभागाविषयी एक संवाद

एखाद्या तंत्रज्ञान कंपनीच्या समभागाला पुढे वाढीस कितपत वाव आहे, असे विचारणारा बहुधा कंपनीच्या धंद्याची वाढ डोळ्यांपुढे ठेवतो आणि धंदा वाढला की भावही त्याच्यामागून वर जाईल असे धरून चालतो. हे गृहीतक किती कच्चे आहे, ते इन्फोसिसच्या इतिहासाइतके स्पष्टपणे भारतीय बाजारात क्वचितच दिसते. १९८१ साली पुण्यात सात सहकाऱ्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू केलेली, दोन वर्षांनी बंगळूरला हललेली, आणि १९९३ च्या फेब्रुवारीत ९५ रुपये दराने समभाग विक्रीला काढले तेव्हा पुरेशी मागणी न आल्यामुळे मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेच्या खरेदीवर निभावून गेलेली ही कंपनी पुढच्या सात वर्षांत बाजाराची लाडकी झाली. मार्च २००० ला संपलेल्या वर्षात तिची विक्री सुमारे ८८२ कोटी रुपये होती, तर तिचे बाजारमूल्य, म्हणजे समभागांची एकूण संख्या आणि चालू भाव यांचा गुणाकार, वर्षअखेरीस सुमारे ५९ हजार कोटी रुपये होते. पाच वर्षांत विक्री आठपट होऊन सात हजार कोटींच्या पुढे गेली. मार्च २००५ अखेरचे बाजारमूल्य मात्र सुमारे ६१ हजार कोटी रुपये, म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे. ज्याने वाढीचा अंदाज अचूक बांधला त्याच्याही हाती या पाच वर्षांत लाभांशाखेरीज फारसे काही लागले नाही.

पुढील संवाद दोन प्रातिनिधिक व्यक्तींमधला असून तो मार्च २०२५ अखेरचे वार्षिक आकडे आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरपर्यंतच्या घोषणा यांवर आधारलेला आहे. एक बाजू सनदी लेखापालाची आहे, ज्यांचे आयुष्य ताळेबंद तपासण्यात गेले. दुसरी निवृत्त संगणक अभियंत्याची, ज्यांनी परदेशी बँका आणि विमा कंपन्यांची कामे करणारे मोठमोठे चमू चालवले. तंत्रज्ञ आशावादी असणार आणि हिशेबनीस साशंक, अशी वाचकाची अपेक्षा असेल, तर येथे तिच्या उलट घडते; आणि ते फारसे नवलाचे नाही, कारण यंत्र आतून पाहिलेल्या माणसाला त्याचे खिळखिळे सांधे आधी दिसतात.

लेखापाल : मार्च २००० चे उदाहरण वाढीविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केले जाते, पण तो पुरावा भावाविरुद्धचा आहे. समभागाचा भाव हा दर समभागामागे मिळालेल्या वार्षिक नफ्याच्या कितीपट आहे ते सांगणाऱ्या आकड्याला पी/ई गुणोत्तर म्हणतात, आणि त्या वेळी ते गुणोत्तर दोनशेच्या आसपास होते. म्हणजे नफा आहे तसाच राहिला असता तर गुंतवलेली रक्कम नफ्यातून भरून यायला दोनशे वर्षे लागली असती. पाच वर्षांत नफा सहापटीहून अधिक वाढला आणि गुणोत्तर सुमारे ३३ वर आले, त्यामुळे एकाने दुसऱ्याला खाऊन टाकले. आज परिस्थिती तशी नाही. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचा निव्वळ नफा २६,७१३ कोटी रुपये आहे, तो दर समभागामागे सुमारे ६४ रुपये पडतो, आणि हिशेबासाठी भाव १,५०० रुपये धरला तर गुणोत्तर २३ ते २४ च्या दरम्यान येते. एवढ्या भावात कोणतीही अवाजवी आशा भरलेली नाही.

अभियंता : आशा कमी आहे हे मान्य, पण कमी आशा ही योग्य आशा असतेच असे नाही. आपण गुणोत्तराकडे वळलात, त्याआधी आजवरची वाढ आली कोठून ते पाहणे बरे. मार्च २०१० ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री ४.८ अब्ज डॉलर होती आणि माणसे सुमारे एक लाख चौदा हजार. मार्च २०२५ च्या वर्षात विक्री १९.२८ अब्ज डॉलर आणि माणसे सुमारे तीन लाख चोवीस हजार. विक्री चौपट झाली, पण माणसे पावणेतीनपटीहून अधिक झाली. भागाकार केला तर दरमाणशी विक्री सुमारे ४२ हजार डॉलरवरून सुमारे ६० हजार डॉलरवर गेली, म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांच्याही आत. पंधरा वर्षांच्या वाढीतला सुमारे तीन चतुर्थांश वाटा निव्वळ अधिक माणसे लावल्याचा आहे. उसाच्या शेतकऱ्याने एकरी उतारा तेवढाच ठेवून दरवर्षी नवीन जमीन लागवडीखाली आणावी आणि त्याला प्रगत शेती म्हणावे, त्यातला हा प्रकार आहे.

लेखापाल : जमीन मिळत असेल आणि प्रत्येक एकर फायद्यात जात असेल, तर त्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण काय? या कंपनीवर कर्जाचा भार नाही, तिला कारखाने उभारावे लागत नाहीत, आणि नवा माणूस घेतल्यावर काही महिन्यांत त्याच्या कामाचे पैसे येऊ लागतात.

अभियंता : दोष शेतकऱ्याला नाही, त्याला तंत्रज्ञानाच्या भावाने मोजणाऱ्याला आहे. आणि हे कंपनीच्या धुरीणांना ठाऊक नव्हते असेही नाही. २०१४ मध्ये विशाल सिक्का कार्यकारी प्रमुख झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी २०२० पर्यंतचे उद्दिष्ट जाहीर केले : विक्री २० अब्ज डॉलर, विक्रीतून व्यवसायाचा खर्च वजा जाता उरणारा वाटा, ज्याला ऑपरेटिंग मार्जिन म्हणतात, तो ३० टक्के, आणि दरमाणशी विक्री ८० हजार डॉलर. या तिन्ही आकड्यांत तिसरा खरा महत्त्वाचा होता, कारण पहिले दोन टिकाऊपणे साधायचे तर तो साधल्यावाचून गत्यंतर नव्हते. सिक्का २०१७ च्या ऑगस्टमध्ये पायउतार झाले. मार्च २०२० च्या वर्षात विक्री १२.८ अब्ज डॉलरच्या आत राहिली, मार्जिन २१ टक्क्यांच्या आसपास, आणि दरमाणशी विक्री ५३ हजार डॉलरच्या आत. त्यानंतर आणखी पाच वर्षे गेली तरी २० अब्जांचा टप्पा मार्च २०२५ पर्यंत आला नव्हता, आणि मार्जिन २१.१ टक्के होते.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी की त्या उद्दिष्टाच्या अपयशाची चर्चा त्या काळी संचालक मंडळ आणि संस्थापक यांच्यातील मतभेदांच्या अंगाने इतकी झाली, की उद्दिष्टामागचे अर्थशास्त्र बाजूलाच पडले. माणसागणिक अधिक विक्री हवी असेल तर कंपनीला स्वतःच्या मालकीचे काहीतरी विकावे लागते, मग ते बँकांसाठीच्या फिनॅकलसारखे तयार सॉफ्टवेअर असो किंवा पुन्हा पुन्हा वापरता येणारी एखादी कार्यप्रणाली. तासांवर बिल लावणाऱ्या धंद्यात माणूस कितीही हुशार असला तरी दिवसाचे तास वाढत नाहीत.

लेखापाल : पण अलीकडचे आकडे पाहता माणसे आणि विक्री यांची ती साखळी सैल झालेली दिसते. मार्च २०२३ अखेर कंपनीत तीन लाख त्रेचाळीस हजार माणसे होती, वर्षभरात ती सव्वीस हजारांनी कमी झाली, आणि तरीही स्थिर चलनात विक्री १.४ टक्क्यांनी वाढली. स्थिर चलनात म्हणजे विनिमयदरातले चढउतार बाजूला काढून, हे येथे सांगितलेले बरे. त्यानंतरच्या वर्षात माणसे थोडीच वाढली आणि विक्री ४.२ टक्क्यांनी वाढली. लागवड कमी करूनही पीक वाढले, असेच आपल्या भाषेत म्हणावे लागेल.

अभियंता : त्यात जादू नाही. महासाथीच्या काळात जगभरातल्या कंपन्यांना एकाच वेळी सगळे व्यवहार संगणकावर आणायचे होते, आणि त्या धामधुमीत गरजेपेक्षा अधिक नवी भरती झाली. ज्यांना काम नेमून दिलेले नाही अशा माणसांना या धंद्यात बेंचवरची माणसे म्हणतात. ती पगार घेतात पण बिलात दिसत नाहीत. उरलेल्यांचे, म्हणजे प्रत्यक्ष बिलात असलेल्यांचे प्रमाण, ज्याला युटिलायझेशन म्हणतात, ते शिकाऊ उमेदवार वगळून ८० टक्क्यांच्या आसपास होते ते दोन वर्षांत ८५ टक्क्यांच्या आसपास आले. बेंच रिकामा करून मिळवलेली वाढ ही एकदाच मिळते. ८५ चे १०० होत नाहीत, कारण सुट्ट्या, प्रशिक्षण आणि दोन कामांमधले रिकामे दिवस राहणारच.

लेखापाल : हे स्वीकारण्यासारखे आहे. मग आपली खरी भीती कृत्रिम बुद्धिमत्तेची असावी.

अभियंता : भीती यंत्राची नाही, कराराची आहे. ग्राहकाशी करार साधारण तीन तऱ्हांनी होतात : किती माणसांनी किती तास काम केले त्यावर, ठरावीक काम ठरावीक रकमेत, आणि ग्राहकाला झालेल्या लाभाशी जोडून. पहिल्या तऱ्हेत यंत्राने तास वाचवले तर बिल थेट कमी होते. दुसऱ्या तऱ्हेत वाचलेले तास कंपनीच्या पदरात पडतात खरे, पण करार संपेपर्यंतच. नूतनीकरणाच्या वेळी ग्राहकाचे खरेदी अधिकारी तेच तास हिशेबात धरून नवी रक्कम मागतात. देखभालीच्या मोठ्या करारांत तर दरवर्षी इतके टक्के खर्च कमी करून देऊ, असे वचन आधीच लिहून दिलेले असते. तिसऱ्या तऱ्हेविषयी बोलले खूप जाते, पण लाभ कोणामुळे झाला हे ठरवायलाच दोन्हीकडचे वकील लागतात. म्हणून यंत्रामुळे उत्पादकता वाढेल यात वाद नाही. वाढलेल्या उत्पादकतेचे पैसे कोणाच्या खिशात जातील, हा वाद आहे, आणि या धंद्यात तो बहुतेक वेळा ग्राहकाने जिंकलेला आहे.

लेखापाल : हाच युक्तिवाद याआधी किमान तीनदा झाला. सन २००० चा संगणकीय तारखांचा प्रश्न सुटल्यावर काम आटेल असे म्हटले गेले. २००८ च्या अमेरिकी वित्तसंकटानंतर बँका खर्च तोडतील असे म्हटले गेले. कंपन्या स्वतःचे संगणक मोडीत काढून क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या संगणकसेवेवर, जाऊ लागल्या तेव्हा देखभालीचे काम संपेल असे म्हटले गेले. प्रत्येक वेळी एका कामाचा दर खाली आला आणि कामांची संख्या वाढली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाविषयी हेच दाखवले होते, की वाफेची यंत्रे कमी कोळशात अधिक काम देऊ लागली म्हणून कोळशाचा खप घटला नाही, उलट यंत्रे सर्वत्र पसरल्यामुळे वाढला. सॉफ्टवेअर स्वस्त झाले की आजवर ज्या कंपन्यांना ते परवडत नव्हते त्या ते मागतील, आणि मोठ्या बँकांच्या पोटात पडून असलेल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रणाली नव्याने लिहिण्याचे काम, जे खर्चापायी सतत पुढे ढकलले गेले, ते एकदाचे हाती घेतले जाईल.

अभियंता : जेव्हन्सचा नियम कोळशाच्या एकूण खपाविषयी बोलतो, एका विशिष्ट खाणमालकाच्या नफ्याविषयी काही बोलत नाही. काम वाढले तरी ते कोणाकडे जाईल? परदेशी कंपन्यांनी भारतात स्वतःची कार्यालये उघडली आहेत, ज्यांना ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर किंवा थोडक्यात जीसीसी म्हणतात. त्यांची संख्या सतराशेच्या वर गेली आहे, आणि खराडी, हिंजवडी किंवा बाणेरला रोज जाणाऱ्या पुणेकरांना ती वेगळी दाखवायला नकोत. पूर्वी ज्या बँकेचे काम बाहेरच्या कंपनीमार्फत होत असे, ती बँक आता तीच माणसे अधिक पगार देऊन थेट आपल्या पटावर घेते. यंत्रामुळे शंभरांच्या चमूचे काम साठ माणसांत होऊ लागले, तर साठ माणसे स्वतः सांभाळणे त्या बँकेला शंभरांपेक्षा सोपेच जाईल.

लेखापाल : जीसीसी उभारून देण्याचे आणि चालवून देण्याचे कामही याच कंपन्या घेतात, आणि मोठ्या कामांची आवक आटलेली नाही. मार्च २०२४ च्या वर्षात कंपनीने १७.७ अब्ज डॉलरचे मोठे करार मिळवले, पुढच्या वर्षी ११.६ अब्जांचे, आणि दोन्ही वर्षांत त्यांतले निम्म्याहून अधिक काम निव्वळ नवे होते, म्हणजे जुन्या कराराचे नूतनीकरण नव्हते.

अभियंता : या आकड्यांनीच शंका बळावते. १७.७ अब्जांतले ५२ टक्के नवे धरले तर नऊ अब्जांहून अधिकचे नवे काम झाले. ते पाच ते सात वर्षांत विभागले तरी विक्रीत दरवर्षी दीड अब्जाच्या आसपास भर पडायला हवी होती. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी एकूण विक्री वाढली ती पाऊण अब्जाच्या आसपास. याचा अर्थ वरून पाणी भरले जात असताना खालून कुठेतरी गळती चालू आहे; लहान, ऐच्छिक स्वरूपाची कामे बंद होत आहेत आणि जुन्या करारांचे दर उतरत आहेत. मोठ्या करारांची बातमी छापून येते, गळतीची येत नाही.

वादाचा हा भाग दोन्ही पक्षांनी नीट मांडला असला तरी, खरे पाहता, त्यातून समभागाविषयी अजून काहीच सिद्ध झालेले नाही. धंदा वर्षाला तीन टक्क्यांनी वाढेल की आठ, एवढ्यावरच चर्चा थांबली तर मार्च २००० चीच चूक उलट दिशेने होण्याचा धोका असतो. भावात किती वाढ आधीच गृहीत धरलेली आहे, हे काढल्यावाचून कोणताही वाढीचा अंदाज अधिक किंवा कमी ठरत नाही, आणि या ठिकाणी लेखापालांची विद्या कामी येते.

लेखापाल : हिशेब उलटा करून पाहू. भाव १,५०० रुपये आणि समभाग सुमारे ४१५ कोटी, म्हणून संपूर्ण कंपनीची किंमत सुमारे ६ लाख २२ हजार कोटी रुपये. गुंतवणूकदाराला वर्षाला १२ टक्के परतावा हवा आहे असे धरले, तर ढोबळ नियम असा की अपेक्षित परतावा म्हणजे गुंतवणुकीवर हाती येणारे वार्षिक उत्पन्न आणि त्या उत्पन्नाची कायमस्वरूपी वाढ यांची बेरीज. वर्षाचा सगळा नफा भागधारकांचा धरला तर येत्या वर्षी हाती येणारे उत्पन्न साडेचार टक्क्यांच्या जरा वर जाते, आणि उरलेले जवळजवळ साडेसात टक्के वाढीतून यायला हवेत. नफ्याऐवजी मोकळी रोकड, म्हणजे धंद्यात आलेल्या रोख रकमेतून इमारती, संगणक यांसारख्या साधनांवरचा खर्च वजा करून उरलेली रक्कम धरली, तर ती त्या वर्षी ३४ हजार कोटींहून अधिक होती. मग हाती येणारे उत्पन्न सहा टक्क्यांच्या जवळ जाते आणि वाढही सहा टक्क्यांच्या आसपास पुरते. पण रोकड नफ्याहून इतकी जास्त दरवर्षी येणार नाही, म्हणून साडेसाताचा आकडा सावधपणाचा मानावा. आता ही वाढ रुपयांतली आहे. २००९-१० मध्ये डॉलर सरासरी ४७ रुपयांच्या आसपास होता, २०२४-२५ मध्ये ८४ च्या पुढे. म्हणजे रुपया वर्षाला सुमारे चार टक्क्यांनी घसरला. तेवढे रुपयाने दिले, तर डॉलरमधल्या विक्रीची वाढ साडेतीन टक्के पुरेल. साडेतीन टक्के हे काही आकाशातले तारे नव्हेत.

अभियंता : हिशेब सुबक आहे, पण त्यात रुपयाच्या घसरणीला बक्षीस मानले आहे. त्याच पंधरा वर्षांत रुपयांतली विक्री सातपटीहून अधिक झाली, २२,७४२ कोटींवरून १,६२,९९० कोटींवर, पण निव्वळ नफा ६,२१९ कोटींवरून २६,७१३ कोटींवर गेला, म्हणजे सव्वाचारपटीच्या जरा वर. मधली रक्कम कोठे गेली? २००९-१० मध्ये ऑपरेटिंग मार्जिन ३० टक्के होते, ते २१ वर आले. रुपया जवळजवळ निम्म्यावर येऊनही आले. विनिमयदर ग्राहकालाही वाचता येतो, आणि तो दर कमी करून मागतो. व्हिसाचे नियम कडक झाले म्हणून अमेरिकेत स्थानिक माणसे घ्यावी लागली, २०१७ मध्येच कंपनीने तिथे दहा हजार नोकऱ्यांची घोषणा केली. आणि इथले पगारही वाढले. रुपयाने दिलेल्यातले बरेचसे मार्जिनने परत घेतले.

लेखापाल : याला उत्तर नाही असे नाही, पण मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. मार्च २०१० अखेर बाजारमूल्य सुमारे दीड लाख कोटी रुपये होते आणि मार्च २०२५ अखेर सुमारे साडेसहा लाख कोटी. म्हणजे तेही सव्वाचारपटीच्या जरा वर. पी/ई गुणोत्तर दोन्ही टोकांना २४ च्या आसपासच. बाजाराने पंधरा वर्षे विक्रीकडे पाहिले नाही, नफ्याकडे पाहिले, आणि तेवढेच दिले. त्यामुळे साडेसात टक्क्यांची अट विक्रीला नव्हे, नफ्याला लावायला हवी, हे मान्य करावे लागते.

अभियंता : मग गेल्या तीन वर्षांचे पाहावे. मार्च २०२२ चा नफा २२,११० कोटी रुपये होता; तेथून २६,७१३ कोटींपर्यंतची वाढ वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. आणि या तीन वर्षांतले पहिले वर्ष तर तेजीचे होते, त्यात विक्री स्थिर चलनात १५.४ टक्क्यांनी वाढली होती.

साडेसहा टक्के हा आकडा लेखापालांच्या दोन अंदाजांच्या, सहा आणि साडेसात यांच्या, मध्ये पडतो. आणि कदाचित म्हणूनच २०२२ च्या जानेवारीत आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये, तीन वर्षांच्या अंतराने, या समभागाने जवळपास एकच शिखर गाठले आणि मधल्या काळात तो खालीवर होत राहिला. स्वस्त म्हणावा इतका तो स्वस्त नाही आणि महाग म्हणावा इतका महाग नाही. अशा समभागाला वाढीचा समभाग म्हणून विकत घेणे आणि नियमित उत्पन्नाचा समभाग म्हणून विकत घेणे, या दोन अगदी वेगळ्या कृती आहेत, आणि सल्लागार मंडळी दोन्ही गिऱ्हाइकांना एकाच कागदावर एकच समभाग विकतात, ही या व्यवसायातली जुनी खोड आहे.

लेखापाल : समभागांची संख्या कमी होत आहे, हेही मोजावे. कंपनी स्वतःचे समभाग भागधारकांकडून परत विकत घेते त्याला पुनर्खरेदी किंवा बायबॅक म्हणतात. २०१७ मध्ये १३ हजार कोटींचे, नंतर २०१९, २०२१ आणि २०२२ मध्ये प्रत्येकी आठ-नऊ हजार कोटींच्या घरातले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १,८०० रुपये भावाने १८ हजार कोटींचे बायबॅक जाहीर झाले. तोच नफा कमी समभागांत वाटला गेला की प्रत्येक समभागाचा वाटा वाढतो.

अभियंता : परंतु आपल्याच हिशेबात सगळा नफा भागधारकांच्या हाती आला असे धरलेले होते. बायबॅकचे पैसे त्याच नफ्यातून जातात. एकच रुपया उत्पन्नात एकदा आणि वाढीत दुसऱ्यांदा मोजता येणार नाही.

लेखापाल : हरकत रास्त आहे, तो मुद्दा मागे घ्यावा लागेल.

बायबॅकची ही दुहेरी मोजणी छापील अहवालांतही आढळते, त्यामुळे लेखापालांनी ती निमूटपणे सोडून दिली याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तिच्या पोटातला प्रश्न मात्र राहतो. कंपनीने २०२५ ते २०२९ या पाच आर्थिक वर्षांसाठी मोकळ्या रोकडीतला सुमारे ८५ टक्के भाग लाभांश आणि बायबॅक यांच्या रूपाने परत देण्याचे धोरण जाहीर केले आहे. अभियंत्यांच्या मते ही कबुली आहे, कारण ज्या कंपनीला पैसे गुंतवायला स्वतःच्या धंद्यातच चांगली जागा दिसते ती ते परत करत नाही. लेखापालांच्या मते सेवा विकणाऱ्या कंपनीला भांडवल मुळात फार लागतच नाही, त्यामुळे पैसे परत करणे हा शिस्तीचा भाग आहे आणि अकारण मोठ्या कंपन्या विकत घेण्यापेक्षा तो बरा. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. आणि दोन्ही खरी असतील तर साडेसात टक्क्यांची वाढ अधिक कष्टाने मिळवावी लागेल, कारण ती नव्या भांडवलातून येणार नाही, जुन्याच माणसांच्या दरमाणशी विक्रीतून यावी लागेल. वाद फिरून त्याच एका भागाकारावर येतो.

अभियंता : दरमाणशी विक्री दोन-तीन वर्षांत सत्तर हजार डॉलरकडे सरकली आणि त्याच वेळी मार्जिन २१ च्या खाली गेले नाही, तर यंत्राचा लाभ कंपनीच्या हाती राहिला असे म्हणता येईल, आणि मग हा सगळा आक्षेप मागे घ्यावा लागेल. नुसती दरमाणशी विक्री वाढली आणि मार्जिन घसरले, तर मात्र यंत्राचे भाडे वाढले एवढाच त्याचा अर्थ, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे आणि ती चालवणारी संगणकशक्ती या कंपन्यांच्या मालकीची नाही, ती अमेरिकी कंपन्यांकडून विकत घ्यावी लागते.

लेखापाल : आणि मोठे करार येत राहूनही सलग दोन वर्षे नफा सहा टक्क्यांहून कमी वाढला, तर १,५०० च्या भावाचे समर्थन करणे अवघड होईल, हे या बाजूने लिहून ठेवावे. तोपर्यंत कंपनीच्या स्वतःच्या अंदाजाकडे लक्ष ठेवलेले बरे. पुढच्या वर्षात विक्री किती वाढेल याविषयी व्यवस्थापन जो पट्टा जाहीर करते त्याला गाइडन्स म्हणतात, आणि या समभागाच्या बाबतीत तो शब्द हलका नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये तो अपेक्षेपेक्षा कमी आला तेव्हा एका दिवसात भाव पाव हिश्श्याहून अधिक पडला होता, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुमारे एक पंचमांश. एप्रिल २०२५ मध्ये हा पट्टा शून्य ते तीन टक्के होता, जुलैत एक ते तीन झाला, ऑक्टोबरमध्ये दोन ते तीन. खालचे टोक दोनदा वर आले आहे.

अभियंता : खालचे आले, वरचे टोक या सहा महिन्यांत तीनवरून हललेले नाही. आपल्या हिशेबाला साडेतीन लागतात, आणि तेही रुपया दरवर्षी चार टक्क्यांनी घसरत राहील आणि मार्जिन २१ वर थांबेल, असे धरले तर.